गव्हातलं रिंगण पाहायला जाताय? विल्टशरच्या क्रॉप सर्कलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातल्या स्विंडनला राहायला आल्यापासून दर मे महिन्यात माझा फोन वाजायला लागतो. नाशिकची आत्या, डोंबिवलीचा वर्गमित्र, मित्राच्या साहेबांची मेहुणी. सगळ्यांना लंडन बघून झालं की ‘ते शेतातले गोल’ बघायचे असतात. तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. आमच्या घरात क्रॉप सर्कलला ‘रिंगण’ म्हणतात. हे नाव आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलं. वारीतलं रिंगण त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे, त्यामुळे शेतात गोल म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

क्रॉप सर्कल म्हणजे नेमकं काय?

उभ्या पिकात काही भाग आडवा पाडून केलेली भूमितीची नक्षी. पीक बहुतेक वेळा गव्हाचं असतं, कधी सातूचं, तर हंगामाच्या सुरुवातीला रेपसीडचं. हे रेपसीड म्हणजे पिवळ्या फुलांची, आपल्या मोहरीची चुलत बहीण. पीक कापलेलं नसतं आणि जाळलेलंही नसतं. ते एका दिशेने निजवलेलं असतं, केसांचा भांग पाडावा तसं. साधा गोल दहा-पंधरा मीटरचा असतो. मोठ्यांपैकी सगळ्यांच्या तोंडी असलेलं म्हणजे ऑगस्ट २००१ मधलं, विल्टशरमधल्या मिल्क हिल या टेकडीवरचं. त्यात सहा हातांच्या भोवऱ्यात ४०९ वर्तुळं होती आणि सगळ्याची रुंदी दोनशे मीटरच्या वर होती.

हे कोण करतं? खरं सांगा.

माणसं करतात. रात्री, फळी आणि दोरी घेऊन.

हे वाचून काही जण हिरमुसतात, पण खरी मजा इथूनच सुरू होते असं माझं मत आहे. साउदॅम्प्टनचे दोन मित्र होते, डग बावर आणि डेव्ह चॉर्ली. डग काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहिलेला. तिथे क्वीन्सलँडमधल्या टली गावाजवळ १९६६ साली पाणथळीतलं लव्हाळं गोलाकार आडवं झालेलं सापडलं होतं आणि ‘उडत्या तबकडीचं घरटं’ म्हणून ते गाजलं होतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एका संध्याकाळी विंचेस्टरजवळच्या पबमधून बाहेर पडल्यावर डगला तो किस्सा आठवला. आपणही तबकडी उतरल्यासारखं करून लोकांना फसवू या, असं दोघांचं ठरलं. पुढची दहा-बारा वर्षं ही जोडी उन्हाळ्यात शेताशेतांतून फिरत होती. डगच्या बायकोला गाडीचे किलोमीटर वाढलेले दिसले. नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे असा तिला संशय आला. शेवटी बिचाऱ्याला घरी कबुली द्यावी लागली.

जगासमोर कबुली आली सप्टेंबर १९९१ मध्ये, ‘टुडे’ या वर्तमानपत्रातून. वर्तमानपत्राने त्यांच्याकडून एक नक्षी करून घेतली आणि पॅट डेलगॅडो या नावाजलेल्या अभ्यासकाला दाखवली. हे माणसाचं काम असूच शकत नाही, असा निर्वाळा त्याने दिला. मग दोघं पुढे आले. डेलगॅडोने आपण फसलो हे मान्य केलं, ही त्याची सभ्यता. दुसऱ्या वर्षी त्या जोडीला इग नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारं गमतीचं पारितोषिक मिळालं, तेही भौतिकशास्त्राचं.

पण एवढं मोठं काम, एका रात्रीत, तेही अंधारात? पटत नाही.

रांगोळी काढणाऱ्या कोणालाही पटेल. आपण आधी ठिपके देतो, मग ते जोडतो. पाहणाऱ्याला शेवटी वेलबुट्टी दिसते, ठिपके नाहीसे झालेले असतात. इथेही तसंच असतं. नक्षी आधी कागदावर किंवा संगणकावर आखलेली असते. शेतात शिरायचं ते ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून, म्हणजे पाऊलखुणा उमटत नाहीत. मधोमध एक जण मोजपट्टीचं टोक धरून उभा राहतो, दुसरा ताणलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाने फेरी मारतो. झाला गोल. पाय सरकवत पातळ रेघा पाडून आधी आखणी करतात आणि मग आतला भाग भरतात.

भरायचं हत्यार म्हणजे मीटर-दीड मीटरची फळी. तिच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून ती हातात धरायची, फळीवर एक पाय द्यायचा, दाबायचं, उचलायचं, पुढे टाकायचं. औताशिवाय औत हाकल्यासारखं दिसतं ते. सरळ रेघेसाठी डग बावरने टोपीला तारेचं छोटं कडं लावलं होतं. त्या कड्यातून दूरचं एखादं झाड किंवा दिवा धरून ठेवायचा आणि चालत राहायचं. दोर धरून वाफे पाडणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

अंधाराचं म्हणाल तर जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो. खरा काळोख चार-पाच तासांचाच. म्हणून मोठ्या नक्षीला माणसं जास्त लागतात आणि प्रत्येकाला आपला तुकडा पाठ असावा लागतो.

कोणाला जमतं आणि कोणाला नाही, याची परीक्षाही झाली आहे. जुलै १९९२ मध्ये बकिंगहॅमशरमध्ये वेस्ट विकमला रात्रीची स्पर्धा भरवली होती. ठरावीक नक्षी, ठरावीक वेळ, बक्षीस तीन हजार पौंड. जिंकले ते हेलिकॉप्टरच्या कंपनीत काम करणारे तीन इंजिनिअर. दोरी, फळी, प्लॅस्टिकचा पाइप आणि शिड्या एवढं त्यांचं सामान.

मग परग्रहवासी? वावटळ? पृथ्वीची ऊर्जा?

वावटळीचा सिद्धांत टेरेन्स मीडन या हवामान-अभ्यासकाने गंभीरपणे मांडला होता. साध्या गोलांपुरतं ते ऐकायला बरं वाटायचं. पुढे शेतांत सरळ रेघा, चौकटी आणि किल्लीसारखे आकार यायला लागले. चौकोनी वावटळ कोणी पाहिली आहे? तरी वादळाने पीक गोलाकार पडतं ही गोष्ट खरी आहे. १८८० साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात सरे परगण्यातल्या एका वाचकाने असे गोल पाहिल्याचं पत्र लिहिलं होतं, वादळानंतरचं. १६७८ च्या हर्टफर्डशरच्या ‘कापणी करणाऱ्या सैतानाचा’ दाखला लोक हमखास देतात. पण त्या जुन्या पत्रकातलं ओटचं पीक कापलेलं होतं, निजवलेलं नव्हतं. म्हणजे तो पुरावा मुळातच गैरलागू.

माझा आवडता किस्सा जुलै १९९० चा. वेस्टबरीच्या बाजूला अभ्यासकांनी रात्रभर कॅमेरे लावून पहारा ठेवला होता, सोबत बीबीसी आणि जपानी टीव्ही. एका पहाटे शेतात गोल दिसले. मोठी घोषणा झाली. मग सगळे शेतात गेले, तर प्रत्येक गोलाच्या मधोमध राशिभविष्याच्या एका खेळाचा पट आणि लाकडी क्रूस ठेवलेला! खोडकर मंडळी कॅमेऱ्यासमोरून येऊन काम उरकून गेली होती.

श्रद्धेने येणारी माणसं शेतात नक्की भेटतील. कोणी डोळे मिटून बसलेलं असतं, कोणी आडवं पडून आकाशाकडे बघत असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. मी एकदा घातला होता, अर्धा तास गेला आणि डोक्याला ऊन लागलं.

सगळी विल्टशरमध्येच का?

सगळी नाही, पण दाटी इथेच आहे. इथली जमीन खडूच्या दगडाची आहे, म्हणजे लांबलचक उतार, मोठमोठी शेतं आणि शेतावर झुकलेल्या टेकड्या. टेकडीवरून पाहिलं की शेत म्हणजे भिंतीवर लावलेला कागद. त्यात एव्हबरी, स्टोनहेंज, सिल्बरी यांसारखी हजारो वर्षांपूर्वीची स्थळं, म्हणजे गूढाला आयती पार्श्वभूमी. २००२ सालच्या वर्तुळांचा नकाशा मांडून एका अभ्यासकाने दाखवलं की ती रस्त्यांच्या आणि प्राचीन स्थळांच्या जवळ जास्त पडतात. परग्रहावरून येणाऱ्याला पक्क्या सडकेची गरज पडू नये, असं आप्पांचं म्हणणं.

यायचं कधी?

एप्रिलअखेर आणि मे महिन्यात रेपसीड, त्यानंतर सातू, आणि जूनच्या मध्यापासून गहू. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे जुलैचे पहिले तीन आठवडे. तेव्हा गहू पिवळटपणाकडे झुकलेला असतो आणि सावल्या ठळक पडतात. ऑगस्टमध्ये सोंगणी सुरू होते. सोंगणी आपली म्हणायची, प्रत्यक्षात घराएवढं कंबाईन येतं आणि दुपारभरात डोंगर मोकळा करून जातं.

आपल्याकडून येणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपला गहू रब्बीचा, मार्च-एप्रिलला घरात आलेला असतो. इथे तो सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात, तो थंडीभर जमिनीला चिकटून बसतो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये निघतो. जूनमधला हिरवागार गहू पाहून आप्पांनी मला विचारलं होतं, “उशिरा पेरला का रे यांनी?”

सध्या कुठे पडलंय हे कसं कळायचं?

‘क्रॉप सर्कल कनेक्टर’ नावाचं जुनं संकेतस्थळ आहे, तिथे तारखेनुसार नोंदी आणि फोटो मिळतात. दुसरं ‘टेम्पररी टेम्पल्स’, तिथले हवाई फोटो अप्रतिम असतात. पण नोंद आहे म्हणजे आत जायची परवानगी आहे असा अर्थ काढू नका. नोंदीखाली शेतकऱ्याची सूचना असते, ती आधी वाचा. आणि आज सकाळी पाहिलेलं संध्याकाळी असेलच याची खात्री नाही. नव्वदच्या दशकातली रेलचेल आता उरलेली नाही, त्यामुळे ‘पोचल्यावर एखादं तरी सापडेलच’ या भरवशावर निघू नका.

पोचायचं कसं?

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून स्विंडनला रेल्वेने तासाभरात पोचता. तिथून एव्हबरी अठराएक किलोमीटर, बसची सोय आहे. प्यूझीलाही स्टेशन आहे आणि ते नक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑल्टन बार्न्स या खेड्याच्या शेतांना जास्त जवळ आहे. पण खरं सांगायचं तर गाडीशिवाय हाल होतात. खेड्यातल्या बसला शेवटची वेळ असते आणि ती फार लवकर असते. गाडी शेताच्या फाटकासमोर लावू नका, तिथून ट्रॅक्टर जायचा असतो. रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचं, आणि तो एक बहुतेक वेळा तुम्हीच असता.

जाता जाता एक गोष्ट. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं भरपूर आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली. त्यामुळे सकाळी निघण्याआधी कोंकणीतली गडबड ऐकत खरेदी करता येते. परदेशात आहोत हे विसरायला होतं.

शेतात शिरणं कायदेशीर आहे का?

याचं उत्तर नीट वाचा, कारण यात आपली माणसं चुकतात.

इंग्लंडमध्ये शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा असतात, त्यांवर पाट्या असतात. पायवाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना आहे. पायवाट सोडून शेतात पाऊल टाकलं की मालकाच्या परवानगीशिवाय तुम्ही घुसखोर ठरता. नुसतं शिरणं हा फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. मालकाने जा म्हटलं की निमूट निघायचं. पिकाचं नुकसान केलं तर मात्र गोष्ट वेगळी. तो गुन्हा आहे, आणि नक्षी करणाऱ्यांनाही तो लागू होतो. २००० साली डिवायझिसजवळच्या नक्षीबद्दल एकाला शंभर पौंड दंड झाला होता.

व्यवहारात तीन प्रकार दिसतात. काही शेतकरी फाटकावर पाटी आणि दानपेटी लावतात, तिथे पैसे टाकून खुशाल जा. काही जण ‘आत येऊ नये’ लिहितात, तिथे टेकडीवरून पाहा. तिसरा प्रकार पाटीच नसण्याचा. अशा वेळी पाटी नाही म्हणजे परवानगी नाही असंच धरा आणि जवळच्या घरी विचारा. मी एकदा विचारायला गेलो, तर गाडीतल्या नकाशाने थेट एका वाड्याच्या अंगणात नेऊन सोडलं. दोन कुत्री, एक बाई आणि त्यांच्या हातात दुधाची बाटली तोंडात असलेलं कोकरू. बाई म्हणाल्या, शेत त्यांचं नव्हेच, पलीकडच्याचं. पण मी विचारायला आलो म्हणून त्यांनी स्वतः फोन करून परवानगी काढून दिली.

आत शिरायला पैसे किती?

दानपेटी असेल तर तिथे लिहिलेलं असतं, माणशी काही पौंड. सुटे जवळ ठेवा. कुंपणाच्या खांबाला साखळीने बांधलेल्या डब्यात कार्ड चालत नाही.

शेतकऱ्याचं नुकसान किती होतं?

आमचं घर निफाडकडचं, त्यामुळे हा प्रश्न आप्पांनी सगळ्यात आधी विचारला. आम्ही हनीस्ट्रीटजवळच्या शेतात उभे होतो. मी भूमिती समजावून सांगत होतो, बारा पाकळ्या, मधलं कमळ वगैरे. आप्पा खाली उकिडवे बसले होते. म्हणाले, “एकरी काय पडतो यांना?”

इथे गव्हाचं सरासरी उत्पन्न हेक्टरी आठ टनांच्या आसपास आहे, म्हणजे एकरी बत्तीसएक क्विंटल. हा आकडा ऐकून ते जरा वेळ गप्पच राहिले. मग बोटांवर हिशेब झाला. साठ मीटरचं रिंगण म्हणजे पाऊण एकराला थोडं कमी. त्यातलं अर्धं पीक निजवलं धरलं तर अकरा क्विंटलांच्या घरात गहू. सगळा वाया जात नाही, काही ओंब्या कंबाईन उचलतं. पण जमिनीला टेकलेल्या ओंबीला ओल लागते, दाणा काळवंडतो, कधी जागेवरच कोंब फुटतो. अवकाळीत गहू लोळला की आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मग त्यांनी एक पडलेली काडी उचलून मला दाखवली. काडीच्या पेराला कोपरासारखा बाक आला होता आणि वरचा भाग आकाशाकडे वळला होता. “हा उठतोय की,” ते म्हणाले. गोलांवर विश्वास ठेवणारे लोक सुजलेलं किंवा वाकलेलं पेर दाखवून ‘हे किरणांमुळे झालं’ म्हणतात. आडव्या झालेल्या गव्हाची काडी गाठीपाशी खालच्या बाजूने भराभर वाढते आणि स्वतःला उभं करू पाहते. लोळलेल्या गव्हाच्या शेतात दोन-चार दिवसांनी जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं. आप्पांनी सवयीने ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला, दाणे मोजले आणि तोंडात टाकणार एवढ्यात मी हात धरला. फवारणी झालेली असते. तुम्हीही खाऊ नका.

नक्षीपेक्षा मोठं नुकसान पाहायला येणाऱ्यांमुळे होतं. चाकोरी सोडून जवळचा रस्ता काढणारे शंभर लोक उभ्या पिकात नवी वाट पाडतात, आणि तिची भूमितीही गचाळ असते. निघताना आप्पांनी डब्यात माझ्याकडून दहा पौंड टाकवले. ‘जास्तच झाले’ म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून दुसऱ्यांदा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आत गेल्यावर काय दिसतं?

जवळजवळ काहीच नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. गहू मांडीपर्यंत असतो, त्यामुळे नक्षी कळत नाही. एका दालनातून दुसऱ्या दालनात गेल्यासारखं वाटतं, भिंती गव्हाच्या आणि जमीन विणलेल्या चटईसारखी. काडी कुठे घड्याळाच्या दिशेने निजवली आहे, कुठे उलट. दोन पदर एकमेकांवरून गेलेले असले तर कोणतं आधी केलं आणि कोणतं नंतर, हेही ओळखता येतं. वाकून पाहिलं तर मधोमध कधी खुंटी रोवल्याचं भोकही सापडतं. ताजं असेल तर वास ओल्या पेंढ्याचा, दुपारनंतर भाजक्या धान्याचा. कानावर येतो तो वारा आणि चंडोल.

मग फोटोतल्यासारखं पाहायचं कसं?

टेकडीवरून. ऑल्टन बार्न्सजवळच्या नॅप हिलवरून किंवा शेजारच्या ॲडम्स ग्रेव्हवरून ‘ईस्ट फील्ड’ नावाचं ते प्रसिद्ध शेत समोर पसरलेलं असतं. जुलै १९९० मध्ये तिथे पडलेल्या लांबलचक नक्षीने जगभरातले लोक पहिल्यांदा या खेड्यात आले आणि तिचा फोटो लेड झेपेलिन या रॉक बँडच्या गाण्यांच्या संग्रहाच्या वेष्टनावर गेला. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सातनंतर जा. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं.

ड्रोन उडवायचा असेल तर इथली नोंदणी आणि नियम निघण्याआधी तपासा. १२० मीटरच्या वर नेता येत नाही. स्टोनहेंजवर आणि एव्हबरीसारख्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जागेत मनाई आहे. सॉल्सबरीच्या माळावर लष्कराचा सराव चालतो, तिथे तर विचारही नको.

मोबाइल बंद पडतो, होकायंत्र भरकटतं, हे खरं का?

माझा एकदा बंद पडला होता. त्याआधी मी त्यावर दोनशे चाळीस फोटो काढले होते.

ती गणितातली ‘पाय’ (π) ही संख्या असलेली नक्षी खरी होती का?

हो, आणि मला सगळ्यांत आवडते ती हीच. जून २००८ मध्ये स्विंडनजवळच बार्बरी कॅसलपाशी सातूच्या शेतात पडली होती. दिसायला मधून बाहेर फिरत जाणारा जिना. काही दिवस कोणालाच अर्थ लागेना. मग माइक रीड नावाच्या खगोलभौतिकी-अभ्यासकाने फोड केली. गोलाचे दहा समान भाग पाडायचे. मग मधून बाहेर येताना प्रत्येक पायरी किती भागांपुरती जाते ते मोजायचं. तीन, एक, चार, एक, पाच, नऊ, दोन, सहा, पाच, चार. तीननंतर दशांशचिन्हाचा छोटा ठिपकाही होता, शेवटचा आकडा पूर्णांकित केलेला होता, आणि पुढे संख्या चालूच आहे हे सांगायला तीन गोल. ज्याने कोणी फळीवर पाय देत हे रात्रीत उतरवलं, त्याच्या गणिताच्या बाईंना माझा नमस्कार.

स्टोनहेंजसमोरची १९९६ ची १५१ गोलांची भोवऱ्यासारखी नक्षीही अशीच गणितातून आलेली, ज्युलिया संच नावाच्या आकृतीवर बेतलेली. ती भर दुपारी पाऊण तासात आपोआप उमटली ही कथा अजून फिरते. तिच्यावर विश्वास ठेवू नका, नक्षीचे फोटो मात्र नक्की बघा.

कपडे, बूट, लहान मुलं, आजी-आजोबा?

पूर्ण पँट आणि बंद बूट. खडूच्या जमिनीत गारेचे धारदार दगड असतात, चपलेने तळपाय सोलून निघतो. बांधाला आग्यासारखं झोंबणारं गवत असतं, ते मुलांना आधी दाखवून ठेवा. गोचिडांपासून जपा, घरी आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यांमागे पाहा. परागाचा त्रास असणाऱ्यांनी जून-जुलैत गोळी घेऊनच यावं. पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका, पांढरा चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो. ज्यांना चालवत नाही त्यांना मी शेतात नेत नाही, गाडीतून टेकडीच्या वाहनतळापर्यंत नेतो. तिथल्या गवतावर खुर्ची टाकून अर्धं विल्टशर दिसतं.

तेवढ्यासाठी पूर्ण दिवस? आसपास आणखी काय?

दिवस पुरणार नाही. एव्हबरीचं दगडांचं वर्तुळ ब्रिटनमधलं सर्वांत मोठं आहे. स्टोनहेंजला दोरीपलीकडून पाहावं लागतं, इथे दगडांना हात लावता येतो, आणि वर्तुळाच्या पोटातच खेडं आणि पब आहे. जवळच सिल्बरी हिल, साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी रचलेली टेकडी. तिच्यावर चढायला बंदी आहे. पलीकडे वेस्ट केनेटचं दगडी दफनस्थान, आत शिरता येतं, टॉर्च न्या. मिल्क हिलच्या उतारावर १८१२ साली खडूत कोरलेला पांढरा घोडा आहे. डोंगरावर मोठं चित्र काढायची खोड या मुलखाला जुनीच आहे म्हणायची.

जेवायचं कुठे?

हनीस्ट्रीटला कालव्याकाठी ‘बार्ज इन’ नावाचा पब आहे. क्रॉप सर्कलवाल्यांचा तो जुना अड्डा, छतावर नक्ष्यांचं मोठं चित्र रंगवलेलं. उघडा आहे का ते निघण्याआधी पाहून घ्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा घेऊन कालव्याच्या काठावर बसतो. शेतात बसून खाऊ नका, प्लॅस्टिक कंबाईनमध्ये जातं.

आपल्याकडे कोणी असं करतं का?

आडवं पाडून करणारं माझ्या पाहण्यात नाही आणि ते बरंच आहे. आपल्याकडे उलटा प्रकार झालाय. लातूर जिल्ह्यात निलंग्याला शिवजयंतीसाठी शेतात पीक उगवून शिवरायांची भव्य प्रतिमा साकारली होती. तिथे रेघ पेरावी लागते आणि उगवेपर्यंत थांबावं लागतं. जाहिरातीसाठीही हे चालतं. २०१३ च्या डिसेंबरअखेर कॅलिफोर्नियात चुआलार गावाजवळ सातूत एक गूढ नक्षी पडली, टीव्हीवाले धावले आणि आठवडाभरात एन्व्हिडिया कंपनीने ती आपल्या नव्या चिपची जाहिरात असल्याचं सांगितलं. तुम्हाला हौस असेल तर स्वतःच्या शेतात करा, घरच्यांना विचारून.

आलो आणि पाहतो तर शेतकऱ्याने कापून टाकलेलं. आता?

आमचं पहिल्याच वर्षी झालं होतं. लोकांची झुंबड थांबावी म्हणून काही शेतकरी नक्षी दिसताच त्यावरून यंत्र फिरवतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पायवाटेवरून चक्कर मारा, टेकडी चढा, एव्हबरी पाहा. नशीब असेल तर पुढच्या वर्षी त्याच जागी पुसट खूण दिसते. निजवलेल्या गव्हाचे दाणे तिथेच सांडलेले असतात, ते उगवतात आणि नव्या पिकात जुना आकार गडद रेघेसारखा उमटतो. हनीस्ट्रीटच्या त्या शेतात मी पुढल्या मे महिन्यात मुद्दाम जाऊन आलो. बारा पाकळ्यांपैकी तीन ओळखू आल्या. फोटो काढून आप्पांना पाठवला. त्यांचा उलट फोन आला, “रेघ राहू दे, यंदा पेरलंय काय?”